अंगणातील पहारा

हिवाळ्याच्या रात्री अंगणातून दिसणारे मृगनक्षत्र आमच्या वाचकांस परिचित आहेच. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या केंटकी राज्यातील जे मॅक्नील या हौशी निरीक्षकाने घराच्या अंगणातून, अवघ्या ३ इंची दुर्बिणीने, त्याच नक्षत्राचे छायाचित्र घेतले. त्यात एक अनोळखी तेजोमेघ आढळला. भोवतीचे वायू व धूळ अंगावर कोसळून एक बालतारा अकस्मात भडकला होता. असा भडका केव्हा उडेल याचा नेम नसतो, आणि मोठ्या वेधशाळांस एकाच ताऱ्यावर रोज नजर ठेवणे शक्य नसते. म्हणून हौशी मंडळी रात्रीमागून रात्री बालताऱ्यांचे तेज मोजून शास्त्रज्ञांस कळवितात. मॅक्नील यांची वार्ता कळताच प्रचंड दुर्बिणी तिकडे वळल्या. साधन लहान म्हणून सेवाही लहान, असे आम्ही कदापि मानू नये.