वास्तूचें वय आणि वास्तूची योग्यता

प्राचीन लेणीं व देवालयें जतन केलीं पाहिजेत, हें कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. परंतु आपल्याच काळांतील उत्तम वास्तूंविषयीं आपण किती उदासीन आहों, हें दिल्लीच्या ‘हॉल ऑफ नेशन्स’च्या कथेवरून कळून येतें.

स्वातंत्र्यास २५ वर्षें झालीं त्या १९७२ सालीं प्रगति मैदानावर वास्तुशिल्पज्ञ राज रेवाल व इंजिनियर महेंद्र राज यांनीं ही भव्य प्रदर्शनशाळा उभारली. असे जाळीदार सांगाडे बहुधा पोलादाचे करितात. येथें पोलाद महाग आणि कामकरी हात मुबलक, म्हणून तो काँक्रीटचा, जागेवरच ओतून केला. आंत मध्यें एकही खांब नव्हता! उणिवेंतून असें नवें रूप घडविणें हीच खरी कला होय.

एप्रिल २०१७ मध्यें ही वास्तु रातोरात पाडण्यांत आली. देशोदेशींच्या जाणकारांची विनवणी व्यर्थ गेली. ६० वर्षें न भरलेल्या इमारतीस वारसा म्हणतां येत नाहीं, असें वारसा समितीचें म्हणणें होतें. आमच्या मतें हा न्याय उफराटा आहे. जी ४५ व्या वर्षींच पाडली, ती साठी गांठणार तरी कशी? वास्तूची पारख वयावरून नव्हे, गुणांवरून व्हावी. नाहीं तर पुढील पिढीस दाखविण्यास आपल्यापाशीं केवळ छायाचित्रेंच उरतील.