जहाजात कोण होते?



वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की मुलांना पाणबुडीची गोष्ट हवी असते. या वेळी मी ब्रिटिश नौदलाच्या 'ट्रेडविंड'ची सांगितली.

श्रीलंकेतील त्रिंकोमाली बंदरातून ती गस्तीला निघे. जपानी जहाजे बुडवणे हे तिचे काम. 18 सप्टेंबर 1944 रोजी सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ कॅप्टन लिंच मेडन यांना एक जुने मालवाहू जहाज दिसले, 'जुन्यो मारू'. त्यांनी चार टॉर्पेडो सोडले, दोन लागले. जहाज बुडाले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटले, "गोष्ट संपलेली नाही."

त्या जहाजात माणसे कोंबलेली होती. सुमारे 2,300 युद्धकैदी, त्यांत बरेचसे डच, आणि सुमारे 4,200 जावानी मजूर. त्यांना 'रोमुशा' म्हणत. सुमात्रातील पकनबारूच्या रेल्वेमार्गावर राबवण्यासाठी जपानी त्यांना नेत होते. जहाजावर कैदी असल्याची काहीच खूण नव्हती. पाणबुडीला कळणार कसे? साडेपाच हजारांहून अधिक माणसे मेली. जे कैदी वाचले, त्यांनाही त्याच रेल्वेच्या कामाला जुंपले.

जावा हा मुसलमानांचा मुलूख. हिजरी 1363 चा रमजान संपत आला होता. ईद अगदी तोंडावर होती.

युद्धकैद्यांची नावे त्यांच्या लष्कराच्या दप्तरात होती. आज ना उद्या घरी खबर पोहोचली. मजुरांपैकी जेमतेम 200 वाचले. बाकीच्यांतल्या बहुतेकांची नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत. कितीतरी आयांना आपला मुलगा कुठे गेला, हे शेवटपर्यंत समजले नसेल.

वर्गात शांतता पसरली. एका मुलीने विचारले, "टीचर, चूक कोणाची?"

मी म्हटले, "बेटा, माणसाला माल समजून जहाजात भरले, तिथेच चूक झाली. टॉर्पेडो नंतर आला."

तिचे समाधान झाले की नाही, माहीत नाही. माझेही पुरते झालेले नाही.

पण एक विनंती आहे. घरी मुलांना युद्धाच्या गोष्टी जरूर सांगा. किती जहाजे बुडवली हे सांगाल, तेव्हा आत कोण होते, हेही सांगा. आणि ज्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत, त्यांच्यासाठीही मगफिरतची दुआ करा. अल्लाहला त्यांची नावे ठाऊक आहेत.