रीलमधला कावळ्यांचा ‘कॉलर’ आपल्या शिवारात वाजवला तर? कायदा काय सांगतो, समजून घ्या

असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. परदेशातलं शेत. बांधावर प्लॅस्टिकचे काळे कावळे मांडलेले, मध्ये एक खोटं घुबड आणि झुडपात लपवलेला स्पीकर. रिमोटचं बटण दाबलं की स्पीकरमधून कावळ्यांचा कलकलाट सुरू होतो. थोड्याच वेळात खरे कावळे घिरट्या घालायला लागतात आणि मग बंदुकीचे बार.

या स्पीकरला तिकडे ‘इलेक्ट्रॉनिक कॉलर’ म्हणतात आणि खोट्या पक्ष्यांना ‘डिकॉय’.

आता समजा, हेच रील बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजामध्ये कुणी पाहिलं. मक्याच्या कणसांवर कावळे तुटून पडलेत, हातात मोबाइल आहे, घरात ब्लूटूथ स्पीकर आहे आणि एअरगनही आहे. कावळ्याचा आवाज यूट्यूबवर फुकट मिळतो. मग हे इथे चालेल का?

थोडक्यात उत्तर: नाही. यातून थेट तुरुंगापर्यंतचा रस्ता आहे. पण का, ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. कारण कावळ्याबाबतचा कायदा अलीकडेच बदललाय आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून जुनाच नियम आहे.

आधी हे कळू द्या: कावळे फसतात कसे?

कावळा हुशार, तरी स्पीकरला फसतो. याचं कारण त्याच्या एकीत आहे. एखादा कावळा तारेला चिकटून मेला की अख्ख्या गल्लीतले कावळे गोळा होऊन ओरडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे जॉन मार्झलफ आणि केली स्विफ्ट यांनी यावर अभ्यास केला. मेलेला कावळा दिसला की बाकीचे जमतात, आरडाओरडा करतात आणि तिथे दिसलेल्या माणसाला धोका म्हणून लक्षात ठेवतात, असं त्यात दिसलं.

कॉलर याच सवयीचा फायदा घेतो. संकटातल्या कावळ्याचा आवाज ऐकला की बाकीचे मदतीला धावतात. घुबड दिसलं की त्याला हाकलायला एकत्र येतात.

अमेरिकेत हे चालतं कसं?

तिथेही मोकळं रान नाही. अमेरिकेत कावळा 1972 पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षण कायद्यात आहे. केंद्रीय नियमांनुसार राज्यांना कावळ्याच्या शिकारीचा हंगाम ठेवता येतो, पण वर्षाला जास्तीत जास्त 124 दिवस. अंडी-पिल्लांच्या ऐन काळात शिकार बंद. विमानातून शिकार बंद.

बदकांसारख्या शिकारीच्या पक्ष्यांसाठी रेकॉर्ड केलेला आवाज वापरायला तिथे सर्वसाधारणपणे बंदी आहे. कावळ्याला मात्र ही केंद्रीय बंदी लागू होत नाही. म्हणून अनेक राज्यांत कॉलर चालतो आणि त्याची रील्स बनतात.

ब्रिटनमध्ये उलटं आहे. तिथल्या 1981 च्या वन्यजीव कायद्याने पक्षी मारण्या-पकडण्यासाठी रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं आमिष वापरणं हीच बंदी असलेली पद्धत ठरवली. युरोपियन युनियनच्या पक्षी संरक्षण नियमांतही बंदी असलेल्या साधनांच्या यादीत टेपरेकॉर्डर आहे.

म्हणजे परदेशातही प्रश्न ‘कोणतं साधन चालेल’ एवढाच असतो. कारण तिथे शिकार काही अटींवर कायदेशीर आहे.

भारतात कॉलरचा नियम काय आहे?

गंमत इथेच आहे. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘इलेक्ट्रॉनिक कॉलर’ हा शब्दच नाही. त्यावरून कुणी म्हणेल, बंदी लिहिलेली नाही म्हणजे परवानगी आहे. तसं नाही.

1972 मध्ये हा कायदा आला तेव्हा आपल्याकडेही शिकारीचे परवाने मिळत होते. त्यामुळे शिकार कशी करायची नाही याचे नियमही कायद्यात होते. गाडीतून करायची नाही, परवानगीशिवाय कृत्रिम प्रकाश वापरायचा नाही वगैरे. 1991 च्या दुरुस्तीने परवान्यांचा हा भागच काढून टाकला. शिकारच बंद, तर साधनांची यादी कशाला?

आता कायदा साधन बघत नाही, कृती बघतो. ‘शिकार’ या शब्दाची व्याख्याही मोठी आहे. वन्य प्राणी किंवा पक्षी मारणं, त्याला विष घालणं, पकडणं, फास किंवा सापळा लावणं, आमिष दाखवणं, हे सगळं शिकारीत येतं. या गोष्टींचा प्रयत्न करणंही शिकारच. पक्ष्याची अंडी किंवा घरटं यांना धक्का लावणंही त्यातच मोडतं.

म्हणजे स्पीकर लावला, कावळे आले, नेम धरला आणि चुकला, तरी ती शिकारच. ‘एकही मेला नाही’ हा बचाव होत नाही.

पण कावळा तर ‘उपद्रवी’ होता ना?

होता. 1 एप्रिल 2023 पर्यंत.

जुन्या कायद्यात सहा अनुसूची होत्या. पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी’ प्राणी होते: उंदीर, घुशी, फळं खाणारी वटवाघळं आणि आपला नेहमीचा कावळा. यांना मारण्यावर बंदी नव्हती.

डिसेंबर 2022 मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली. सहाच्या चार अनुसूची झाल्या. उपद्रवी प्राण्यांची अनुसूची रद्द झाली आणि गावकावळा दुसऱ्या अनुसूचीत गेला. शिकारबंदी या अनुसूचीलाही लागू आहे.

शिक्षा किती? दुसऱ्या अनुसूचीतल्या पक्ष्याची शिकार केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हीच दंडाची मर्यादा आधी 25 हजार होती. गुन्ह्यात वापरलेलं साधन आणि वाहन जप्त होऊन सरकारजमा होऊ शकतं. यात स्पीकर आणि मोबाइलचाही नंबर लागू शकतो.

आणि हे सगळं अभयारण्यात केलं तर? खामगाव-बुलढाणा पट्ट्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. अभयारण्यातल्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे.

एक गैरसमज एअरगनचाही आहे. काही कमी क्षमतेच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही, हे खरं. पण बंदूक बाळगायला परवाना लागत नाही म्हणून तिने पक्षी मारायला मोकळीक मिळत नाही. गलोलीचंही तेच.

मग शेतकऱ्याने करायचं काय?

हा खरा प्रश्न आहे. पेरलेलं बी टिपलं जातं, कणसं फोडली जातात, आणि नुकसान खिशातून जातं. कायद्यातला फरक लक्षात ठेवा: पक्षी हाकलणं वेगळं आणि पकडायला-मारायला बोलावणं वेगळं.

बुजगावणं, चमकणाऱ्या पट्ट्या, डबा वाजवणं, पीक झाकायला जाळी, राखण करणं हे उपाय चालतात. शिकारी पक्ष्याचा आवाज स्पीकरवर लावून कावळे उडवून लावणं म्हणजे शिकार नाही. फक्त जाळीत पक्षी अडकून मरणार नाहीत, हे बघा.

विषारी दाणे मात्र चुकूनही टाकू नका. विष घालणं शिकारीच्या व्याख्येतच आहे. शिवाय कावळ्यासाठी टाकलेला दाणा मोरही खातो. मोर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तीन ते सात वर्षं.

नुकसान हाताबाहेर गेलं तर कायद्यात वाट आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. केंद्र सरकारही ठरावीक भागात, ठरावीक काळापुरतं एखाद्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करू शकतं. डिसेंबर 2015 मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय, म्हणजे आपली रोही, आणि रानडुक्कर यांच्याबाबत असं झालं होतं.

सुरुवात आपल्या वन परिक्षेत्र कार्यालयातल्या लेखी अर्जापासून करा. वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे. ही वाट लांबची आहे आणि उभं पीक कागदासाठी थांबत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार चुकीची नाही. 2023 च्या बदलाने कावळ्याला संरक्षण दिलं, पण बी टिपून गेलेल्या शेतकऱ्याला लवकर उत्तर कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला. तरीही परवानगी हातात येण्याआधी चाललेला छर्रा हा गुन्हाच ठरतो.

तित्तर-लाव्यांच्या आवाजाचं काय?

कावळ्यापेक्षा आपल्याकडे जास्त धोका तित्तर आणि लाव्यांना आहे. पक्ष्याचा हुबेहूब आवाज काढून त्याला फाशाकडे आणायचं कौशल्य फासेपारधी समाजाकडे पिढ्यानपिढ्या होतं. त्यावर त्यांचं पोट होतं. 1972 च्या कायद्यानंतर ते काम गुन्हा ठरलं आणि समाजाला त्याची मोठी किंमत मोजावी लागली.

आता तोच आवाज कुणालाही एका क्लिकवर मिळतो. ज्यांचं पोट त्यावर नाही, ते रात्री स्पीकर लावून मजा म्हणून हे करत असतील, तर कायदा त्यांनाही तोच आहे.

पितृपक्षात कावळ्याला बोलावलं तर?

घाबरू नका. पान वाढून ‘काव काव’ करणं किंवा मोबाइलवर आवाज लावणं म्हणजे शिकार नाही, कारण पकडण्याचा किंवा मारण्याचा हेतूच नाही. पण तो आवाज संकटाचा असेल तर कावळे घास घ्यायला नाही, भांडायला येतील. घरटी असलेल्या झाडाखाली तर लावूच नका. त्याच घरट्यात कोकिळेचंही पिल्लू वाढत असतं.

आणखी एक. मेलेला कावळा दिसला तर हात लावू नका. जानेवारी 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मेले, ते बर्ड फ्लूने. असं दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा वन विभागाला कळवा.

बाकी, रील पाहायला बंदी नाही. पण तसंच रील इथे बनवून टाकलं, तर चेहरा, जागा आणि तारीख असलेला पुरावा तुम्हीच अपलोड केलेला असेल.