भिंतीवरची बंदूक

धायरीतल्या आमच्या फ्लॅटला विलायती शेकोटी नाही. पण दिवाणखान्यात जुन्या घाटाची लांब बंदूक हवीच, असा चिरंजीवांचा हट्ट. खरी जुनी घ्यावी, तर १९५९ चा शस्त्र कायदा आड येतो. दुरुस्त करूनही जिचा बार उडणार नाही, अशीच जुनी बंदूक परवान्यातून सुटते. म्हणून नक्कल पाहायला निघालो.

पहिल्या दुकानात पितळी नक्षीची बंदूक होती. ‘अस्सल पेशवाई,’ दुकानदार म्हणाला. तिचे स्क्रू मात्र फुलीच्या खाचेचे! ते आले १९३० नंतर. दुसरीकडे साधी तोड्याची बंदूक मिळाली. चाप ओढला की तोड्याचे टोक रंजकीच्या कानावर टेकते. बार कसा उडे, ते पोरांना दाखवता येते. ‘नवीच आहे,’ विक्रेत्याने आपण होऊन सांगितले. तीच घेतली.

नातवाने विचारले, ‘आबा, ही आपल्या पणजोबांची?’ क्षणभर ‘हो’ म्हणावेसे वाटले. पण आमचे पणजोबा कारकून होते. घर सजवायला नक्कल चालते. पूर्वज मात्र विकत आणू नयेत. खिडकीतून सिंहगड दिसत असताना तर नाहीच नाही.