तिवरे तोडून डास जातील काय?

खाडीकाठी वसाहतीसाठी भराव घालताना एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तिवरांमुळे डास होतात, ती गेलेलीच बरी! डॉक्टर म्हणून मला हे पटत नाही. तिवरांच्या मुळांतून भरतीचे पाणी दिवसातून दोनदा येते-जाते. अशा हलत्या पाण्यात डासांच्या अळ्या फारशा टिकत नाहीत. राडारोड्याने भरतीची वाट अडली, की मागे डबकी साचतात आणि डास वाढतात ते तिथे. शहरी हिवतापाचा डास तर बांधकामावरच्या उघड्या टाक्यांत सुखाने नांदतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढे पाणी कोठेही तुंबलेच असते. पण मिठी नदीकाठी तिवरांवर भराव पडल्याने त्याला पसरायला जागाही उरली नव्हती. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली.

घरे हवीतच. कोंदट, दाटीच्या खोलीत क्षय पसरतो. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार तिवरांभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. तेवढे अंतर सोडून, उंचवट्यावर बांधावे. आणि घर घेणाऱ्यांनी सातबारा पाहतो तशी जागाही अमावास्येच्या उधाणाला एकदा पाहून यावी.