वजन उतरते ते डब्यामुळे की तक्त्यामुळे?

वजन कमी करण्याच्या पावडरीचा किंवा गोळ्यांचा कुठलाही डबा घ्या, त्याच्यासोबत आहाराचा एक छापील तक्ता हमखास येतो. रात्रीचे जेवण आठच्या आत, साखर बंद, तळलेले बंद, भात अर्धी वाटी, रोज पाऊण तास चालणे. हे सगळे तीन महिने पाळायचे आणि शिवाय दिवसातून दोनदा गोळी घ्यायची. तीन महिन्यांनी वजन चार किलो उतरले की घरात, सोसायटीत, ऑफिसात नाव होते ते गोळीचे. तक्ता तोवर फ्रिजच्या दारावरून गळून केरात गेलेला असतो.

श्रेयाच्या या वाटणीची शहानिशा १९९८मध्ये अमेरिकेत झाली होती. ‘गार्सिनिया कंबोजिया’ नावाच्या फळाचा अर्क तेव्हा तिथे जोरात खपत होता आणि आजही आपल्याकडच्या असंख्य डब्यांवर ते नाव ठळक छापलेले असते. वजन जास्त असलेल्या १३५ जणांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा, भरपूर चोथ्याचा आहार सांगितला. एका गटाला गार्सिनियाचा अर्क आणि दुसऱ्याला दिसायला तशीच, पण आत औषधी काहीच नसलेली गोळी. बारा आठवड्यांनी गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले. पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो! यावरून पोकळ गोळी जास्त गुणकारी, असे कोणी समजू नये. दोन्हींतला फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात न धरण्याजोगा होता. वजन उतरवले ते दोन्ही गटांना सारख्याच मिळालेल्या आहाराने.

हे फळ म्हणजे केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. आपले कोकम तिचे सख्खे भावंड, ‘गार्सिनिया इंडिका’. ज्या आम्लाच्या नावावर हे अर्क विकले जातात ते आपल्या आमसुलातही असते. आमसुलाने चरबी वितळत असती तर वाटीवाटीने सोलकढी पिणाऱ्या कोकणात पोट सुटलेला माणूस औषधालाही सापडला नसता.

इतर घटकांची कथा फार वेगळी नाही. ग्रीन टीच्या अर्कावरील चाचण्यांचा एकत्रित आढावा ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१२मध्ये प्रसिद्ध केला. जपानबाहेरच्या अभ्यासांत अर्क घेणाऱ्यांना मिळालेला जादा फायदा होता सरासरी ०.०४ किलो, म्हणजे ४० ग्रॅम. ग्रीन कॉफीचा किस्सा तर आपल्या देशातच घडला. बेंगळूरुमध्ये १६ जणांवर केलेल्या चाचणीत २२ आठवड्यांत सरासरी आठ किलो वजन उतरल्याचा निबंध २०१२मध्ये छापून आला. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर तिचा गाजावाजा झाला, दुकाने भरली. पुढे तिथल्या व्यापार आयोगाने चौकशी केली तेव्हा रुग्णांच्या वजनाचे आकडे वारंवार बदलल्याचे आणि अर्क कोणाला व पोकळ गोळी कोणाला याचाही घोळ असल्याचे समोर आले. चाचणीचा खर्च करणाऱ्या कंपनीने २०१४मध्ये ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले आणि निबंध मागे घेतला गेला. अॅपल सायडर व्हिनेगरने तरुणांचे वजन झपाट्याने उतरते, असे सांगणारा २०२४चा लेबनॉनमधला अभ्यासही सप्टेंबर २०२५मध्ये मागे घेण्यात आला. तो मागे घेतल्याचे व्हॉट्सअॅपवर मात्र कोणी पाठवत नाही.

औषध खरोखर काम करते तेव्हा आकडे कसे दिसतात, तेही पाहण्यासारखे आहे. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या १,९६१ जणांवरील चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरले. पोकळ इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के. सल्ला दोघांनाही आहार-व्यायामाचा. हे औषध सरसकट घेण्याचे नाही. मळमळ, उलट्या होतात, थांबवले की वजन बरेचसे परत येते आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. मुद्दा एवढाच की, कोणतेही उत्पादन ‘पोकळ’ गटाच्या किती पुढे गेले हे विचारायचे असते. डब्यावरची ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे याचे उत्तर देत नाहीत.

‘काम नसेल करत, पण अपाय तर नाही ना? सगळे नैसर्गिक आहे,’ हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. कपभर ग्रीन टीने कोणाचे बिघडत नाही हे खरे. पण गोळीत तोच चहा आटवून भरलेला असतो. त्यातले ‘ईजीसीजी’ हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक पोटात गेले की काहींच्या यकृतातील एन्झाइम वाढतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये नोंदवले. गार्सिनियाचे डबे घेतल्यानंतर झालेल्या काविळीच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. अशी कावीळ सगळ्यांना होत नाही, विरळाच होते. पण ज्या डब्याचा फायदा ४० ग्रॅमचा, त्यासाठी विरळा धोका तरी का पत्करावा?

याहून मोठी भीती वेगळीच आहे. ज्या डब्याने काहीच होत नाही तो त्यातल्या त्यात बरा म्हणायचा. खाण्यात काही न बदलता ज्याने भराभर वजन उतरते, भूक मरते, तोंड कोरडे पडते, छातीत धडधडते, त्या डब्याकडे संशयाने पाहावे. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध एके काळी सर्रास लिहिले जाई. सुमारे दहा हजार रुग्णांवरील मोठ्या अभ्यासात, हृदयाचा त्रास असलेल्यांत त्यामुळे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढत असल्याचे दिसले. २०१०मध्ये ते अमेरिका-युरोपच्या बाजारातून गेले आणि २०११मध्ये भारतात त्यावर बंदी आली. पण ते संपले नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधे मिसळलेली ७७६ सप्लिमेंट पकडली. त्यांतली ३१७ वजन घटवण्याची होती आणि त्यांतल्या बहुतेकांत सिब्युट्रामिन होते. वेष्टनावर अर्थातच वनस्पतींचीच नावे.

आपल्याकडे या बाजाराला कायद्यातली एक फट फार सोयीची पडली आहे. औषधे व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४चा कायदा ज्या आजारांच्या उपचारांची जाहिरात करायला मनाई करतो, त्या यादीत लठ्ठपणा आहे. पण कायद्यातली ‘औषध’ची व्याख्या शरीराच्या कार्यावर परिणाम करणाऱ्या वस्तूंबाबत बोलताना अन्नाला वगळते, आणि हे डबे ‘अन्न’ म्हणून, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यावर विकले जातात. तो चौदा आकडी परवाना क्रमांक दाखवून ‘सरकारमान्य’ म्हणणारे विक्रेते गल्लोगल्ली आहेत. परवाना कारखान्याला अन्न बनवण्यासाठी मिळालेला असतो, वजन उतरल्याचा तो दाखला नव्हे. त्याच वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असेही छापावे लागते. समोर ठळक अक्षरांत कमरेचा घेर आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत हे वाक्य. दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, असा नियमही आहे, पण तो तपासायचा कोणी? अन्न व औषध प्रशासनाने निदान वजन घटवण्याच्या उत्पादनांचे नमुने नियमित उचलून त्यांत सिब्युट्रामिन आहे का, हे तपासावे आणि निष्कर्ष नावानिशी जाहीर करावेत. आपल्या दवाखान्याच्या काउंटरवरून हेच डबे विकणाऱ्या डॉक्टरांनाही मग काही प्रश्न विचारता येतील.

‘पैसे मोजले की माणूस पथ्य तरी पाळतो,’ असेही सांगितले जाते. सुरुवातीला पाळतो. पण डबा परवडेनासा झाला की तक्ताही सुटतो, कारण यश गोळीचे हे मनात पक्के बसलेले असते. वजन परत येते. तेव्हा विक्रेता सांगतो, तुम्ही नीट पाळले नाही. उतरले तर डब्यामुळे, वाढले तर तुमच्यामुळे! या व्यवहारात पैशांहून मोठे नुकसान होते ते हे. चार किलो स्वतःच्या जिवावर उतरवलेली बाई ‘माझ्याच्याने होत नाही’ अशी समजूत करून घेते आणि पुढच्या डब्याच्या शोधात निघते. अशा फेऱ्यांत दोन-तीन वर्षे जातात. वजन का वाढले याची तपासणी, मग ती थायरॉइडची असो, पीसीओडीची असो की गुडघेदुखीसाठी कोणीतरी दिलेल्या स्टेरॉइडची, तेवढी लांबते.

ओपीडीत ‘आणखी काही औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नाला हे डबे घेणारे बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. खोटे बोलायचे म्हणून नव्हे. ते औषध नाही, अन्न आहे, असेच त्यांना सांगितलेले असते. म्हणून केसपेपरवर हा प्रश्न वेगळा लिहून विचारायला हवा, आणि डबा घेणाऱ्यांनीही तो आपणहून सांगायला हवा. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर नक्कीच. भूक एकाएकी मेली, मळमळ राहिली, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर डबा त्याच दिवशी बंद करावा आणि रुग्णालयात येताना तो सोबत आणावा. फेकून दिला असेल तर मागच्या बाजूचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालतो.