मोत्याची जखम आणि आपली घरगुती औषधं

पावसाळ्यात घरातल्या कुत्र्याच्या अंगावर एखादा लालसर, ओला चट्टा दिसू लागतो. कधी मानेवर, कधी शेपटीच्या मुळाशी. लगेच घरात दोन तट पडतात. कोणी म्हणतं, "हळद-तेल लावा," तर कोणी म्हणतं, "खरूजच ती, आधी त्याला बाहेर बांधा." मैत्रिणींनो, यातलं काहीही करण्यापूर्वी तो चट्टा नीट पाहा.

बहुतेक वेळा सुरुवात क्षुल्लक असते. पिसू चावते, गोचीड चिकटते किंवा दाट केस मुळाशी ओले राहतात. खाज सुटली की कुत्रा चाटतो, चावतो. कातडी सोलवटते आणि खाज आणखी वाढते. रुपयाएवढी जखम एका दिवसात तळहाताएवढी होते ती या चाटण्यामुळे. तेव्हा 'कुत्र्याची जीभ हेच त्याचं औषध' हा समज आधी सोडून द्या.

दुखऱ्या जागी हात लागला की गरीब कुत्राही चावतो, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी त्याचं डोकं धरायला सांगा. बोथट टोकाच्या कात्रीनं जखमेभोवतीचे केस कापा. दोन कप पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात एक लहान चमचा मीठ घाला आणि स्वच्छ फडक्यानं दिवसातून दोनदा जखम पुसा. मग टिपून कोरडी करा, चोळू नका. घरात पोव्हिडोन आयोडीन असेल तर पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावावं. पट्टी नको, हवा लागू द्या. चाटू नये म्हणून गळ्यात पुठ्ठ्याची रुंद कॉलर घाला. जखम पाठीवर असेल तर धाकट्याचं जुनं बनियनही चालतं.

फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन मात्र मुळीच नको. कातडी भाजते आणि चाटल्यावर विष पोटात जातं. हळदीच्या जाड थराखाली पू साचतो. कॅलामाइनसारख्या औषधांतलं झिंकही पोटात गेलं तर बाधतं. आपल्या पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या तर मनानं कधीच देऊ नका.

दोन दिवसांत जखम सुकली नाही, पू किंवा घाण वास आला, अळ्या दिसल्या, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. केस जाऊन गोल चट्टे पडले असतील आणि घरात मुलांनाही नायटा उठला असेल, तर कुत्रा आणि मुलं दोघांनाही डॉक्टरांना दाखवा.

जखम दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची असेल, तर ती लहान समजूच नका. रेबीजचा प्रश्न असतो. हातमोजे घालून, साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लस दिलेली असली तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

राहिला बाहेर बांधण्याचा प्रश्न. बाहेर ओल आणि माश्या, शिवाय जखमेकडे लक्ष कोणाचं? अळ्या पडतात त्या अशाच. त्यापेक्षा त्याला घरात कोरड्या कोपऱ्यात ठेवा, गोणपाट वरचेवर उन्हात घाला आणि भिजून आला की केस मुळापर्यंत पुसा. रोज पाच मिनिटं अंगावरून हात फिरवलात, तर पुढचा चट्टा रुपयाएवढा होण्याआधीच सापडेल, बरं का!